रिकामा म्हणून पुसलेला भाग

माझा धंदाच अविश्वासाचा आहे. दुसऱ्यांनी लिहिलेली सॉफ्टवेअरं कुठे मोडतात ते मी शोधतो, आणि मोडली की आनंदाने तसं कळवतो. हुबळीतल्या एका लहानशा कंपनीत हे काम पगारी करतो आणि घरी आलो की तेच बिनपगारी. जगभरातले काही लोक मिळून एक फुकट वापरता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम तयार करतात. ती कॉम्प्युटरवर चढवणारा जो इन्स्टॉलर असतो, तो तपासायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं आहे. बायको लोकांना सांगते, "हे दुर्गदबैलच्या बाजारात तांदूळ घ्यायला गेले तर पोत्याच्या तळातला मूठभर काढून दाखवा म्हणतात. दुकानदार यांना बघितलं की आत जाऊन बसतो." ती थोडं वाढवून सांगते, पण फार नाही.

नवी सिस्टीम चढवताना इन्स्टॉलर एक प्रश्न विचारतो. सगळी डिस्क पुसून टाकू, का तुम्ही स्वतः तिचे भाग पाडून देता? बहुतेक लोक पहिला पर्याय घेतात आणि सुखाने झोपतात. मी दुसऱ्या पर्यायाचा माणूस. मिसळणाच्या डब्यात वाट्या असतात तसे डिस्कचे भाग असतात. एकात सिस्टीम, एकात माणसाच्या स्वतःच्या फायली. हळदीची वाटी घासायला काढली तरी मोहरीची जागच्या जागी राहिली पाहिजे, एवढंच मी तपासतो. ऐकायला सोपं वाटतं, पण लोकांची आयुष्यभराची कामं या एका चुकीत गेलेली मी पाहिली आहेत.

हे सगळं सांगायचं कारण अप्पा, म्हणजे माझे वडील. ते धारवाडला राहतात. आयुष्यभर कन्नड शाळेत गणित शिकवलं, घरी मराठी बोलले, आणि आई गेल्यापासून त्या घरात एकटे आहेत. मागच्या वर्षी परसदारच्या पायरीवरून घसरून पडले. मोडलं काही नाही, पण शेजारच्या अक्का आवाज ऐकून आल्या नसत्या तर किती वेळ तसे पडून राहिले असते कुणास ठाऊक. तेव्हापासून मी एकच धोशा लावला होता. अप्पा, हुबळीला चला, आमच्याकडे राहा. ते हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. मला मात्र फोन वाजला की आधी धारवाडच आठवायचं, आणि बसमध्ये बसलेलो असताना अक्कांचा नंबर दिसला तर मी पुढच्याच थांब्यावर उतरायचो. ते आमच्याकडे आले असते तर मी सुटलो असतो, हे मी लपवत नाही.

दर रविवारी मी डबा घेऊन धारवाडला जातो. बायको त्यात भाजी, आमटी, कधी तव्यावरची थालिपीठं भरते. पुढच्या रविवारी डबा परत येतो, पण कधी रिकामा येत नाही. आमच्या घराची ही रीत आहे आणि अक्कांच्या कानडी घरातही तीच आहे. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. आई होती तेव्हा त्यात चटणीपूड यायची, शेंगदाण्याची होळगी, म्हणजे गोड पोळी, यायची. अप्पांना यातलं काही करता येत नाही. ते कढीपत्त्याच्या दोन काड्या ठेवतात, दोन लिंबं ठेवतात, एकदा तर कागदाच्या पुडीत नुसती चमचाभर साखर होती. आणि घेणाऱ्यानेही भांडं घासायला टाकण्याआधी झाकण उघडून बघायचं, हे त्या रीतीतच आलं. ते कुणाला शिकवावं लागत नाही.

अप्पांचा दुसरा नाद कोड्यांचा. आडवे-उभे चौकोन, अर्धे शब्द मराठी, अर्धे कन्नड. ते कोडं कॉम्प्युटरवर तयार करून दर आठवड्याला आपल्या जुन्या सोबत्यांना फोनवर पाठवतात. सोबती तासन्‌तास डोकं खाजवतात, मग फोन करून विनवतात. अप्पा उत्तर सांगत नाहीत. "उत्तर सांगितलं की कोडं मेलं," असं त्यांचं म्हणणं. मीही लहानपणी गणित अडलं की त्यांच्याकडे जायचो, आणि ते पेन्सिल माझ्या हातात परत देऊन पेपर वाचायला लागायचे. सरळ विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर देणं त्यांना कमीपणाचं वाटतं की काय, असं मला अजूनही वाटतं.

तर त्यांचा कॉम्प्युटर म्हातारा झाला. चालू करून चहा टाकावा, चहा पिऊन व्हावा, तरी पडद्यावर चक्र फिरतंच आहे. नवीन घेऊ या म्हटलं तर, "हा काय वाईट आहे?" शेवटी मी म्हटलं की त्यात माझी सिस्टीम टाकून देतो, हलकी आहे, पळायला लागेल. त्यांची अट एकच होती.

"माझी कोडी हलायची नाहीत बघ. एक जरी गेलं तरी तुला सोडणार नाही."

"अप्पा, मी हेच काम करतो."

"म्हणूनच सांगतोय की."

एका रविवारी जेवण झाल्यावर मी त्यांच्या खुर्चीत बसून डिस्क कशी विभागली आहे ते पाहिलं. भाग मीच पाडले होते, कॉम्प्युटर आणला तेव्हा. पहिल्यात सिस्टीम, शेवटच्यात अप्पा, आणि मध्ये आई. तेव्हा आई म्हणाली होती, "मला माझं वेगळं दे बाबा. यांच्या कोड्यांच्या पसाऱ्यात माझं काही सापडायचं नाही." मी तिला भाग करून दिला आणि त्याला तिचं नाव दिलं. तिने त्यात काही भजनं ठेवली, अक्कांच्या नातीच्या बारशाचे फोटो ठेवले. ती गेल्यावर अप्पांनी ते सगळं आपल्या भागात हलवलं. आता तिचा भाग रिकामा होता. मी उघडून पाहिला, आत काहीच नव्हतं.

नव्या सिस्टीमला जागा जास्त लागते. पहिला भाग आणि शेजारचा आईचा भाग एक करून तिथे नवी सिस्टीम बसवायची आणि अप्पांच्या भागाला हातही लावायचा नाही, असा बेत मी मांडला. मनात थोडं चुकचुकलं, म्हणून विचारलं.

"अप्पा, आईचा भाग घेऊ का? रिकामाच आहे."

ते खिडकीबाहेर बघत होते. "हिचा होय? घे की. रिकामा ठेवून काय करायचंय?"

मग मी तोच जुना विषय काढला. "आणि हुबळीला यायचं काय ठरवलंत? खोली मोकळी आहे. कॉम्प्युटर एकदम तिथेच लावू, परत आणायला नको."

अप्पांनी खिडकीची एक फळी ओढून घेतली. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी कॉम्प्युटर न्यायला येशील ना? तेव्हा सांगतो."

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा कॉम्प्युटरचा डबा जुन्या चादरीत बांधून दारातच ठेवला होता. वरून पुसून लख्ख केलेला. जेवण झालं, चहा झाला. निघताना मी विचारलं, "काय ठरलं मग?" ते म्हणाले, "आधी हा घेऊन जा." मला रागच आला. आठवडाभर थांबायला लावून पुन्हा टाळाटाळ. कोडी घालणाऱ्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करणार, असं म्हणत मी ते गाठोडं मांडीवर घेऊन बसमध्ये बसलो. जेवणाच्या डब्यात त्या दिवशी लिंबं होती.

घरी आणल्यावर मी माझ्या पद्धतीने गेलो. आधी कमरीपेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानातून एक जुनी पण धडधाकट डिस्क आणली आणि अप्पांच्या सगळ्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल तिच्यावर उतरवून घेतली. नक्कल घेताना आत काय आहे ते मी बघत नाही. दुसऱ्याच्या फायली उघडायच्या नाहीत, हा माझा नियम आहे आणि त्याचा मला अभिमान होता. लोक दुरुस्तीला दिलेल्या कॉम्प्युटरमध्ये नको ते बघत बसतात, ते मला किळसवाणं वाटतं. नक्कल कपाटात ठेवली.

मग तिसऱ्या एका डिस्कवर तस्सेच तीन भाग पाडले. अप्पांच्या जागी खोट्या फायली भरल्या आणि त्या डिस्कवर पुन्हा पुन्हा सिस्टीम चढवायला लागलो. पहिले दोन भाग एक करायचे, तिसऱ्याला 'पुसू नये' अशी खूण करायची, शेवटचं पान वाचायचं, पुढे जायचं. झाल्यावर खोट्या फायली मोजून घ्यायच्या. सगळं ठीक यायचं. पण माझं समाधान होईना. नीट वागणाऱ्या माणसासारखी परीक्षा घेऊन काय उपयोग? माणसं गोंधळतात, मागे जातात, पुन्हा पुढे येतात. म्हणून मी शेवटच्या पानावरून मुद्दाम एक पान मागे गेलो, काहीच न बदलता पुन्हा पुढे आलो, आणि इन्स्टॉल केलं. खोट्या फायली साफ गेल्या होत्या. मागे जाऊन आलं की इन्स्टॉलर 'पुसू नये' ही खूण विसरत होता.

मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय मोडलं एवढं? हसताय ते?" मी सगळा तपशील लिहून पाठवला. दुसऱ्या देशातल्या कुणीतरी तसंच करून पाहिलं, त्याच्याही फायली गेल्या, आणि त्याने माझे आभार मानले. किती लोकांचे किती फोटो आणि किती हिशेब आपण वाचवले, असं मला वाटत राहिलं. अप्पांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे माझी कोडी गेली असती की!" त्यांच्या आवाजात पहिल्यांदा माझ्या कामाबद्दल थोडा आदर होता.

मग मी खऱ्या डिस्कला हात घातला. मागे जायचं नाही, एकदाच नीट पुढे जायचं, हे ठरलेलं. शेवटच्या पानावर काय काय पुसलं जाणार त्याची यादी येते. मी ती नेहमी मोठ्याने वाचतो. अप्पांचा भाग त्यात नाही याची खात्री केली, पुन्हा केली. पुसल्या जाणाऱ्या भागांत दुसरी ओळ आईच्या नावाची होती. मी त्या नावापाशी थांबलो. मीच कधीतरी टाइप केलेलं ते नाव, आणि आता तेही जाणार. घरात तिच्या नावाची कितीशी ठिकाणं राहिली होती? डोळे भरून आले आणि मी बटण दाबलं. त्याच ओळीत पुढे, त्या भागात किती जागा भरलेली आहे तेही लिहिलेलं असतं. तो आकडा मी वाचला नाही. एवढा ताकही फुंकून पिणारा माणूस, पण मी नावच वाचत बसलो होतो.

सिस्टीम झकास बसली. कॉम्प्युटर पळायला लागला. अप्पांचं फोल्डर उघडलं तर कोडी दिसत होती, वरवर पाहता सगळी जागेवर. मी लगेच फोन लावला.

"झालं अप्पा. कोडी सुखरूप आहेत. एकदम जोरात चालतोय."

"बरं झालं." मग हळूच, "आणि हिच्या भागाचं काय केलंस?"

"तो पुसला. ठरलं होतं तसं."

पलीकडे काहीच आवाज येईना. मला वाटलं फोन कट झाला.

"अप्पा?"

"हां, आहे की. पुसलास होय. बरं. मग कधी यायचं सांग."

"कुठे?"

"हुबळीला. खोली मोकळी आहे म्हणालास ना? येतो की."

मी बायकोला हाक मारली, फोन तिच्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. एक वर्ष मागे लागलो होतो आणि हा माणूस असं भाजी आणायला येतो म्हणावं तसं येतो म्हणाला. मला हलकं वाटलं, इतकं की त्या संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या गाड्यावरून सगळ्यांना चुरमुऱ्याचं गिरमिट आणि मिरची भजी आणली. बायको म्हणाली, "आवाज जरा बारीक वाटला हो त्यांचा." मी म्हटलं, घर सोडायचं म्हणजे वाटणारच, चार दिवसांत रुळतील.

उरलेला आठवडा तयारीत गेला. बायकोने खोलीतलं कपाट रिकामं केलं, पलंग खिडकीजवळ ओढला, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली. अप्पा रोज फोनवर काहीतरी सांगायचे. पेपर बंद केला. वाचनालयाची पुस्तकं परत केली. पुस्तकं गोण्यांत भरली. कोडी पाठवायचं मात्र त्या आठवड्यात राहिलं. सांगताना कुरकुर नव्हती, खुशीही नव्हती. शाळेतून बदली झालेला मास्तर चार्ज देतो, तशा कोरड्या आवाजात ते सगळं सांगत होते.

माझ्या कामातली एक पायरी राहून गेली होती. सगळं झाल्यावर जुनी नक्कल आणि नवी डिस्क शेजारी शेजारी लावून दोन्हींतल्या फायली ताडून बघायच्या असतात. आनंदाच्या भरात मी ते केलंच नव्हतं. शनिवारी दुपारी ते मनाला लागलं, म्हणून नक्कल कपाटातून काढली आणि ताडणीला लावली. फायली मशीनच ताडतं, मला उघडाव्या लागत नाहीत. अप्पांचा भाग तंतोतंत जुळला. पण खाली एक ओळ आली. जुन्या नकलेवर आईच्या भागात फायली आहेत, नव्या डिस्कवर नाहीत.

आधी मला वाटलं, मशीनचं काहीतरी चुकलं. तो भाग मी स्वतः उघडून पाहिला होता. मग लक्षात आलं की पाहिला तो एका रविवारी, आणि कॉम्प्युटर आणला तो पुढच्या रविवारी. मी माझा नियम मोडला आणि उघडलं.

आत फोटो होते. अप्पांनी फोनवर काढलेले, थोडे हललेले, एकात त्यांचा अंगठाच निम्म्या जागेत आलेला. सकाळचं फाटक, त्याच्या कडीला दुधाची पिशवी. कट्ट्यावर बसलेले त्यांचे दोघे सोबती, तिसरी जागा मोकळी सोडून. वाचनालयातलं खिडकीजवळचं टेबल. अक्का, कमरेवर हात ठेवून, हा काय फोटो काढायचा नाद म्हणून रागावलेल्या. आईचं देवघर. स्वयंपाकघरात तिच्या हातची ओळीने लावलेली डब्यांची फळी, एकही हललेला नाही. मी रविवारी उतरतो तो बसस्टॉप. परसदारची ती पायरी, तिच्या कडेला पांढऱ्या रंगाचा जाड पट्टा ओढलेला. पुढच्या फोटोत तीच पायरी, शेजारी भिंतीला नवा लोखंडी पाईप बसवलेला, आणि त्या पाईपवर अप्पांचा हात, घट्ट धरलेला. शेवटचा फोटो आमच्या डब्याचा होता. घासून, परसातल्या चौथऱ्यावर उन्हात पालथा घातलेला.

एकही शब्द लिहिलेला नव्हता. त्याची गरजही नव्हती, एवढं सोपं कोडं अप्पांनी जन्मात घातलं नसेल. मी भाग रिकामा आहे म्हणालो होतो, आणि तो रिकामा देणं त्यांना जमलं नव्हतं. वर्षभर मी जे विचारत होतो त्याचं उत्तर त्यांनी त्यात भरून, चादरीत बांधून माझ्या मांडीवर दिलं होतं. झाकण न उघडता भांडं कुणी घासायला टाकतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नसणार. मग मी पुसला म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? मुलाने सगळं पाहिलं. पायरी पाहिली, पाईप पाहिला, आईची फळी पाहिली, आणि पुसून टाकलं. म्हणून पेपर बंद केला. म्हणून पुस्तकं गोण्यांत भरली.

मला इतकं रडू आलं की बायको धावत आली. तिने एकेक फोटो पाहिला. अक्कांच्या फोटोला थोडं हसली. डब्याच्या फोटोपाशी थांबली, मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "मी तरी म्हणत होते, आवाज बारीक वाटतोय." थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पण पायरीचं काय? परत पडले तर?" तिचं बरोबर होतं. फोटोंनी माझी भीती गेली नव्हती. एवढंच झालं होतं की आता मला त्यांची बाजूही दिसत होती.

संध्याकाळपर्यंत बसून मी सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. नवी सिस्टीम थोडी आखडून बसवली, मधला भाग पुन्हा पाडला, त्याला आईचं नाव दिलं आणि नकलेवरचे फोटो जसेच्या तसे तिथे ठेवले. शेवटच्या पानावर या वेळी नावांपुढचे आकडेही वाचले. इतकी जागा त्या सिस्टीमला कमी पडेल, हे मला माहीत आहे. पडू दे.

रविवारी कॉम्प्युटर त्याच चादरीत बांधून धारवाडला गेलो. अक्का दारातच होत्या. "बर्री," या, एवढंच म्हणाल्या, नेहमीसारखं "कुंद्री", बसा, म्हणाल्या नाहीत. आत गोण्या ओळीने उभ्या होत्या, तोंडं सुतळीने बांधलेली. अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"हा परत का आणलास? तिथेच लावणार होतास ना?"

"आधी चालू करून बघा."

मी तारा जोडल्या. ते खुर्चीत बसले, चष्मा लावला. पहिल्यांदा आपलं फोल्डर उघडलं, कोडी पाहिली. मग मधल्या भागाचं नाव दिसलं तसा त्यांचा हात थांबला. त्यांनी उघडलं. फाटक, दुधाची पिशवी, कट्टा. एकेक फोटो पुढे सरकवत ते पाईपापर्यंत आले.

"हे पुसलं होतंस ना?"

"पुसलं होतं. पण बघितलं नव्हतं अप्पा. नक्कल होती माझ्याकडे, त्यात काल सापडलं."

ते खुर्चीसकट माझ्याकडे वळले. "बघितलं नव्हतंस?"

"नाही. रिकामा आहे म्हणून—"

"झाकण न उघडता भांडं घासायला टाकलंस?"

"हो."

"तुझी आई असती तर कान उपटला असता." असं म्हणाले. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. "मला वाटलं, बघून पुसलंस. वाटलं, आता याला काय सांगायचं आणखी?"

"मला कळलं ते."

"आता बघितलंस?"

"सगळं."

"मग?"

वर्षभर हा प्रश्न मी त्यांना विचारत होतो आणि आता त्यांनी तो मला विचारला होता. मला त्यांना इथून उपटायचं नव्हतं, आणि त्या पायरीवर पडलेलंही बघायचं नव्हतं. मी म्हटलं, "चला, पाईप दाखवा."

आम्ही परसदारी गेलो. पांढरा पट्टा थोडा वाकडा ओढलेला होता, स्वतःच ओढला असणार. मी पाईप हाताने हलवून पाहिला. मग दोन्ही हातांनी धरला, पाय उचलले आणि सगळा भार टाकून त्याला लोंबकळलो. अप्पा बघत उभे होते. कठड्यापलीकडून अक्का ओरडल्या, मराठीतच, मला नीट कळावं म्हणून. "अरे, घर पाडतोस काय!" मी उतरलो, खालचे स्क्रू बघितले, दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा लोंबकळलो. भिंतीतून मातीही सांडली नाही.

"पक्का आहे," मी म्हटलं.

अप्पांनी मान हलवली. मग गणित सुटल्यावर पुढचं पान उलटायला सांगावं तसं म्हणाले, "मग त्या गोण्या सोड की."